दोन गोड, एक तिखट

खैरनार काकांच्या दाराची बेल वाजवली की आधी आतून स्लीपरांचा आवाज यायचा, मग दाराच्या भोकाला डोळा लागायचा आणि मग प्रश्न यायचा, "कोण?"

"मी, खालची सुनंदा."

"कशावरून?"

पहिल्यांदा हा प्रश्न ऐकला तेव्हा माझ्या हातात तिळगुळाचा डबा होता. मी ज्युनियर कॉलेजात भूगोल शिकवते. तिरकस प्रश्नांची मला सवय आहे. पण मी मीच आहे हे बंद दाराबाहेर उभं राहून कसं सिद्ध करायचं, हे मला खरोखर सुचेना. शेवटी आतून निर्मलाकाकू ओरडल्या, "अहो, आवाज ओळखत नाही का तिचा?" त्यावर काकांचं उत्तर, "हल्ली आवाज कुणाचाही काढता येतो." मग दार उघडलं. तिळगूळ हातात घेऊन त्यांनी तो उजेडात धरला आणि विचारलं, "गूळ कुठून आणला?"

काकांची सगळी नोकरी ओझरच्या विमानांच्या कारखान्यात गेली, तीही तपासणी खात्यात. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामात खोट शोधायची, याचाच त्यांना पगार मिळत असे. निवृत्त झाल्यावर माणसं नोकरी सोडतात. काकांनी फक्त कारखाना सोडला. इंदिरानगरातली आमची इमारत ही त्यांची नवी वर्कशॉप. गॅसचा सिलिंडर आला की ते तो स्वतःच्या ताणकाट्यावर लटकवून वजन करत आणि सिलिंडरवाला तोवर जिन्यात कपाळाला हात लावून बसे. कुणी द्राक्षांची पेटी आणून दिली की आभार मानायच्या आधी "शेवटची फवारणी कधी झाली?" हे विचारत. लिफ्टमध्ये शिरताना तपासणीच्या कागदावरची तारीख वाचत. तारीख उलटलेली असली की जिन्यानं जात, आणि जाताना प्रत्येक मजल्यावर बेल वाजवून ही बातमी देत.

'चालतंय' हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारायची सोय नव्हती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचे अध्यक्ष एकदा गच्चीच्या गळतीबद्दल म्हणाले, "आता तसं चालतंय." काका उभे राहिले. "साहेब, विमान उगाच पडत नाही. कुणीतरी, कुठंतरी, एका फालतू खिळ्याकडं बघून चालतंय म्हणालेलं असतं." गच्चीची गळती आणि विमानाचा अपघात यांचा संबंध कुणाला लावता आला नाही, पण गळती मात्र त्याच महिन्यात दुरुस्त झाली.

सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाचा दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक म्हणजे निर्मलाकाकू. दुसरा स्वतःचा डावा हात. पत्र्यावरून डाव्या हाताची बोटं फिरवली की डोळ्यांना न दिसणारा उंचवटाही कळतो, असं ते सांगत, आणि ती बढाई नव्हती. आमच्या नव्याकोऱ्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी एकदा सहज बोटं फिरवली आणि म्हणाले, "इथं पॉलिश कमी बसलंय." मला काहीच दिसलं नाही. तरी तेव्हापासून त्या जागी मी पाण्याचा ग्लास ठेवत नाही. संशयाचं असंच असतं, तो एकाच्या घरात मावत नाही.

तो डावा हातच गेला. एका सकाळी दात घासता घासता काका मोरीत बसले, ते उठलेच नाहीत. पक्षाघाताचा झटका होता, वेळेवर दवाखान्यात नेलं म्हणून वाचले. पाय सुधारला, बोलणं सुधारलं. डाव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटंही हळूहळू कामाला लागली, पण अनामिका आणि करंगळी आतल्या बाजूला मुडपून तशीच राहिली. व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, गोड स्वभावाची. हातात मऊ चेंडू द्यायची आणि म्हणायची, "छान काका! खूप छान!"

एक दिवस काका तिच्याच दवाखान्यात गेले. तिथं शेजारच्या खाटेवर एक गृहस्थ होते, ज्यांना काहीच हलवता येत नव्हतं. ती त्यांनाही म्हणाली, "छान! खूप छान!"

घरी आल्यावर काकांनी चेंडू कपाटात टाकला. "जो सगळ्यांना पास करतो त्याच्या शिक्क्याला काय किंमत?" ते मला म्हणाले. "मॅडम, मला एवढंच पाहिजे. कुणीतरी खरं सांगावं, हा हात परत येणार का नाही. येणार नसेल तर नाही म्हणा. पण छान म्हणू नका." डॉक्टर म्हणत, प्रयत्न करत राहा. मुलगा हैदराबादहून फोनवर म्हणे, बाबा, पॉझिटिव्ह राहा. काकूंना विचारलं तर त्या "होईल हो" म्हणून स्वयंपाकघरात जात. काकांना एकाचंही पटेना.

याच दिवसांत माझ्या घरात युकुलेली आली. आली म्हणजे मागे राहिली. माझी मुलगी ऋचा नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना हे वाद्य माझ्या कपाटावर ठेवून गेली. युकुलेली म्हणजे गिटारची धाकटी बहीण. नायलॉनच्या चार तारा, कुशीत मावेल एवढी. घर फार शांत झालं होतं म्हणून मी ती खाली काढली आणि फोनवरच्या एका ग्रुपमध्ये शिरले. केतकी नावाची नागपूरची एक मुलगी तो चालवायची. दर रविवारी ती एक आव्हान द्यायची: या आठवड्यात दोनच कॉर्डमध्ये, म्हणजे तारा दाबायच्या दोनच पद्धतींत, गाणं बसवा, या आठवड्यात डोळे मिटून वाजवा. आपण व्हिडिओ टाकायचा आणि बाकीच्यांनी शेरा लिहायचा. शेऱ्याचा नियम ठरलेला होता, दोन गोड आणि एक तिखट. दोन गोष्टींचं कौतुक करायचं, एक चूक दाखवायची. जिंकणं-हरणं काही नाही. कोल्हापूरचा अभिजित, दातांची एक डॉक्टर, घोटीचे एक तांदळाचे व्यापारी अशी आमची फौज होती. कुणी कुणाला भेटलेलं नव्हतं.

एका संध्याकाळी काका खाली आले, तक्रार घेऊन. "मॅडम, तुमच्या घरातून रोज एक चुकीचा आवाज येतो."

मी युकुलेली दाखवली. त्यांनी ती उलटसुलट केली, टिचकी मारली, आत डोकावून पाहिलं. मग डाव्या हाताची दोन चांगली बोटं तारांवर ठेवली. त्या मऊ तारा बोटांखाली दबल्या तशी त्यांची कुरकुर बंद झाली. "हे डाव्या हातानं दाबायचं?"

"हो. सी कॉर्डला एक बोट लागतं, एफला दोन, जीला तीन."

"म्हणजे बोटागणिक परीक्षा." त्यांनी ती दोन बोटं उचलून पुन्हा तारांवर टेकवली. मग विचारलं, "आणि बरोबर दाबलं गेलं हे कोण सांगतं?"

मी ग्रुपबद्दल सांगितलं.

"ओळखीचे आहेत?"

"एकही नाही."

"मग बरं. अनोळखी माणसाला खोटं बोलायचं काही कारण नसतं." जिन्यापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "खरं बोलायचंही नसतं म्हणा."

दोनच दिवसांत त्यांनी युकुलेली आणली. दुकानातल्या सगळ्या तपासून, दुकानदाराला घाम फोडून आणली. "मला बघायला आले तेव्हा एवढं निरखून बघितलं नव्हतं," काकू मला म्हणाल्या. ग्रुपमध्ये शिरताना काकांच्या अटी होत्या. नाव फक्त 'बीके'. व्हिडिओत चेहरा नाही, फक्त दोन हात आणि वाद्य. मागे उशीचा अभ्रा टांगायचा, म्हणजे घर कळायला नको. हाताच्या पाठीवरचे वयाचे डाग दिसू नयेत म्हणून ते काकूंची पावडरही लावत. आणि माझ्याकडून वचन घेतलं, की वय, आजार, यातलं काहीही कुणालाही सांगायचं नाही. "त्यांना फक्त माल दिसला पाहिजे. माल कुणाचा ते नाही." मी वचन दिलं आणि पाळलं. हे मी आत्ताच ठासून सांगून ठेवते, कारण पुढं यावरूनच सगळं झालं.

ग्रुपमध्ये शिरल्या दिवसापासून त्यांची तपासणी सुरू झाली. केतकी फुकट शिकवते म्हणजे ती तारा विकणाऱ्या कंपनीची माणूस असणार. दातांच्या डॉक्टरला दुपारी दोनला व्हिडिओ टाकायला वेळ मिळतो, म्हणजे तिच्याकडं पेशंट नाहीत. घोटीचे व्यापारी प्रत्येकाला "फारच सुंदर" म्हणतात, म्हणजे ते कुणाचंच ऐकत नाहीत. यातलं शेवटचं तर मलाही पटलं.

एकदा अभिजितनं फार अवघड तुकडा सहज वाजवला. सगळ्यांनी टाळ्यांची चित्रं पाठवली. काका खाली आले, फोन माझ्या नाकासमोर धरला. "मागच्या भिंतीवरचं घड्याळ बघा." मी बघितलं. अर्धं गाणं होईपर्यंत घड्याळात सव्वासहा होते. अभिजितनं मान वळवली आणि एकदम पावणेसात झाले. "दोन तुकडे जोडलेत. सांधा मानेच्या आड लपवलाय." त्यांनी तसं ग्रुपवर लिहिलं. मला वाटलं, आता भांडण होणार. पण अभिजितनं कबूल केलं, "बीके, पकडलंत. एका दमात जमेना." वर हसण्याचं चित्र. त्या दिवसापासून अभिजितबद्दल काकांचं मत चांगलं झालं. चोरी कबूल करणारा माणूस त्यांना कारखान्यातही क्वचितच भेटला असावा.

गोड शेरे मात्र त्यांना जमतच नसत. नियम म्हणजे नियम, असं केतकीनं बजावल्यावर त्यांनी माझ्या व्हिडिओवर लिहिलं, "गोड एक: उजेड पुरेसा होता. गोड दोन: पंखा बंद होता. तिखट: एफला येताना तुम्ही प्रत्येक वेळी अडखळता आणि हसून लपवता. हसू नका." मला राग आला. पण मी हसायचं सोडलं आणि आठवडाभरात एफला अडखळायचंही सुटलं.

सी जमलं, एफ जमलं. मग 'जी' आलं. जीला अनामिका लागते. काका पट्टीवर अनामिका दुसऱ्या हातानं उचलून ठेवत, ती घसरे, पुन्हा ठेवत. तार दबायची नाही, नुसती खरखर यायची. तरी त्यांनी व्हिडिओ टाकला. बाकीच्यांनी सांभाळून लिहिलं. अभिजितनं मात्र सरळ विचारलं, "बीके, डावा हात झोपलाय का? अनामिका दाबतच नाहीये."

वाचून मी दोनदा जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. पण तासाभरात काका स्वतः खाली आले. इतका उजळलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "वाचलंत? पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं. तो मला ओळखत नाही, त्याला माझी दया यायचं कारण नाही. त्याला दिसलं ते त्यानं लिहिलं. आता बघा, महिन्यानं हाच माणूस दबतंय म्हणाला, तर ते खरंच दबलेलं असेल!" आणि ते वर जाऊन मागच्या खोलीचं दार लावून बसले. त्या दिवशी माझ्या छतातून दुपारभर ती एकच खरखर ऐकू येत होती, आणि मला ती अजिबात टोचली नाही.

पुढचा आठवडा बरा गेला. मग हळूहळू ग्रुपच्या शेऱ्यांतलं तिखट उतरलं. काकांच्या व्हिडिओला खरखर तशीच होती, पण शेरे गोड होत चालले. "किती चिकाटी!" "प्रेरणा मिळते तुमच्याकडून." अभिजितसुद्धा लिहू लागला, "मस्त, असंच चालू ठेवा." आणि मग एका दुपारी दातांच्या डॉक्टरनं लिहिलं, "वाजवलं छानच, फक्त थोडं हसा काका!"

काका खाली आले तेव्हा त्यांनी बेलवरचं बोट काढलंच नव्हतं.

"मॅडम, माझा चेहरा दिसतो का त्यात?"

"नाही."

"मग हसा कुणाला म्हणाली ती? आणि काका कशावरून? बीके बावीस वर्षांचा पोरगाही असू शकतो. यांना कुणी सांगितलं?"

"मी नाही सांगितलं."

"या ग्रुपात मला ओळखणारी एकच व्यक्ती आहे."

मी पुन्हा सांगितलं, मी नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. सिलिंडरकडं पाहत तसंच, काट्यावर चढवायच्या आधी. मला इतका अपमान वाटला की मी चहाही विचारला नाही.

त्यांनी मग पुरावा गोळा करायला घेतला. कारखान्यात म्हणे अशी रीत होती, की चांगल्या मालात मुद्दाम एक सदोष तुकडा मिसळून द्यायचा आणि तपासणारा जागा आहे की नाही ते बघायचं. काकांनी तेच केलं. तिसरी तार ऐकवणार नाही इतकी उतरवली आणि व्हिडिओ टाकला. माणसाचं सोडा, जिन्यातलं मांजर पळालं असतं. ग्रुपवर शेरे आले, "वा!" "सुरेख!" "फारच सुंदर." मी एकटीनं लिहिलं, "तिसरी तार उतरली आहे, आधी ती लावा."

जिन्यात भेटले तेव्हा मी म्हटलं, "मी तर खरं लिहिलं ना?"

"तुमचं धरता येत नाही," काका म्हणाले. "तुम्ही खालच्या मजल्यावर राहता, मी तार उतरवली ती तुम्ही ऐकलीच असणार. साक्षीदार बाहेरचा लागतो." आणि लिफ्टची तारीख न वाचताच ते आत गेले. त्यावरून मला कळलं, की प्रकरण गंभीर आहे.

त्या दिवसापासून वरचा आवाज बंद झाला. काका माझ्याशी बोलेनासे झाले. मी चिडले होते, पण चिडण्याइतकीच मला भीती वाटत होती. एकदा ते भाजी घेऊन येताना दिसले. डावा हात शर्टाच्या खिशाजवळ, बोटं पूर्वीपेक्षा जास्त मुडपलेली. व्यायाम सुटला की हात आखडत जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि खरं सांगणारं कुणी उरलं नाही म्हणून हा माणूस व्यायाम करत नव्हता.

शिवाय मलाही ती लागण झाली. माझ्या व्हिडिओवरचे गोड शेरे वाचताना मला वाटू लागलं, यांना माझ्याबद्दल काय सांगितलंय कुणी? ऋचा फोनवर म्हणाली, "मस्त वाजवतेस आई," तर मी विचारलं, "का? काय झालं?" केतकीनं प्रेमानं विचारपूस केली तरी मी दोनदा वाचून बघायची. कुणीतरी बोललं होतं हे तर खरंच होतं. मी वर्गात उत्तरपत्रिका तपासताना ग्रुपातल्या एकेकाचा विचार करायची. घोटीचे व्यापारी? त्यांचे कुणी नातेवाईक आमच्या गल्लीत? एकदा तर मी आमच्या सिलिंडरवाल्यावरही संशय घेतला.

मग एका सकाळी काका बँकेत गेलेले पाहून निर्मलाकाकू खाली आल्या. खुर्चीच्या कडेवर बसल्या. पदराचं टोक पिळत म्हणाल्या, "सुनंदा, ते तुझ्याशी बोलत नाहीत ना? तुझा काही दोष नाही गं. मी सांगितलं."

मी समोरची खुर्ची ओढून बसले.

"त्या कोल्हापूरच्या मुलानं लिहिलं होतं ना, हात झोपलाय का म्हणून. त्या दिवशी मी देवळातून आले तर हे खोलीचं दार लावून बसलेले. ताट वाढलं, तर जेवायला येईनात. हाक मारली तर ओ नाही. मी फोन बघितला आणि ते वाचलं. माझ्या जिवाला कसं झालं सांगू! त्या केतकीचा नंबर घेतला आणि माझ्या फोनवरून लावला. म्हटलं, बाई, त्यांना असं असं झालंय, वय झालंय, जरा गोड बोला. ती रडली गं फोनवर. तिनं सगळ्यांना सांगितलं असणार."

"काकू," मी म्हटलं, "त्या दिवशी काका दुखावले नव्हते. खुशीत होते. माझ्याकडं येऊन सांगून गेले, पहिल्यांदा कुणीतरी खरं बोललं म्हणून. वाजवायच्या नादात जेवण विसरले असतील."

काकूंचा चेहरा बघवेना. इतकी वर्षं संसार केला आणि नवऱ्याचा आनंद त्यांना रुसव्यासारखा दिसला. पण त्यांना तरी काय बोलणार? दोन्ही वेळी काका सारखेच गप्प बसत. "मला सांगायचं ना मग," त्या म्हणाल्या. "तुला येऊन सांगतात, मला नाही सांगत." थोड्या वेळानं म्हणाल्या, "आता कसं सांगू त्यांना? सगळ्या जगावर संशय घेतात, पण माझ्या हातचा चहा कधी वास घेऊन पीत नाहीत. तेवढंच तर आहे माझं."

"तुम्ही नाही सांगितलंत तर ते पुन्हा वाद्याला हात लावणार नाहीत," मी म्हटलं. मला ते बोलणं सोपं होतं, चहा त्यांचा पणाला लागला होता.

"तू चल बरोबर," काकू म्हणाल्या.

काका बँकेतून आले, पाणी प्याले, मला बघून त्यांनी मान वळवली. काकूंनी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. मधे थांबल्या नाहीत, रडल्याही नाहीत. सांगून झाल्यावर काका खुर्चीत बसले. मला वाटलं, आता हे काकूंकडंही त्या नजरेनं बघणार. त्यांनी नुसता डावा हात मांडीवर घेतला आणि काकूंसमोर धरला. ते दोघं सटाण्याकडचे. रागात आणि प्रेमात काकांच्या तोंडी अहिराणी येई.

"खरं सांग," काका म्हणाले. "कसा शे मना हात?" कसा आहे माझा हात, एवढंच.

"होईल हो..." काकूंनी सुरुवात केली आणि थांबल्या. खाली बसल्या. मग म्हणाल्या, "नाही येणार. ती दोन बोटं नाही येणार. रोज सकाळी तुमच्या उजव्या बाहीचं बटण मी लावते. ते डाव्या हातानंच लावायचं असतं, म्हणून मी लावते. तुम्ही तेव्हा खिडकीबाहेर बघता. मी हाताकडं बघते. पहिल्या दिवसापासून बघतेय. ती बोटं कणभर हलली नाहीत."

मला वाटलं, मी इथं असायला नको होतं. काकांनी हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. मग डोळे पुसले, उघडपणे, उजव्या हातानं. आणि म्हणाले, "बरं."

थोड्या वेळानं म्हणाले, "मग दोन बोटांचं बघू."

मला जिन्यापर्यंत सोडायला आले. "मॅडम, तुमच्यावरचा शेरा काढला," म्हणाले. माफी वगैरे काही नाही. पण तपासणी खात्यातून शेरा निघणं ही काय चीज असते हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं.

त्या संध्याकाळी ग्रुपवर बीकेंचा मजकूर आला. "मला पक्षाघात झाला होता. वय सत्तरच्या पुढे. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी चालणार नाहीत, हे आमच्या घरच्या तपासणीत नक्की झालं आहे. त्याबद्दल कुणी हळहळू नये. राहिलेल्या दोन बोटांच्या कामात खोट दिसली तर लिहा. नसेल तर गप्प बसा." सगळ्यात आधी अभिजितनं लिहिलं, "मग जी सोडा ना बीके. सी, एफ आणि ए-मायनरमध्ये कितीतरी गाणी बसतात. आणि तुमचा ताल पळतो. तो तर उजव्या हाताचा दोष आहे." काकांनी मला तो शेरा मोठ्यानं वाचून दाखवला. सुनेला मुलगा झाल्याची बातमी वाचावी तसा.

पुढच्या वर्षभरात त्यांनी बरीच गाणी दोन बोटांत बसवली. काकूंच्या माहेरच्या कानबाई देवीची गाणीही त्यात आली. काकू म्हणत, काका वाजवत आणि मधेच थांबून विचारत, "पळालो का?" काकू सांगत, "पळालात." पुन्हा सुरुवात. गाणं सबंध असं मी क्वचितच ऐकलं. पण व्हिडिओत आता मागे अभ्रा नसे.

मग मुलानं त्यांना हैदराबादला न्यायचं ठरवलं. जायच्या सकाळी मी डबा घेऊन वर गेले. दार उघडंच होतं. खोक्यांच्या गर्दीत काका एका उरलेल्या खुर्चीवर बसले होते, पायाशी युकुलेली, कारण सामानवाल्यांच्या हातात ती द्यायला ते तयार नव्हते. डाव्या हाताची दोन बोटं आणि अंगठा यांच्यात उजव्या बाहीचं बटण धरून ते काजात घालत होते. बटण निसटत होतं. काकू समोर उभ्या होत्या, हाताची घडी घालून. पुढं झाल्या नाहीत. मी डबा धरून दारातच उभी राहिले.

बऱ्याच वेळानं बटण बसलं. काकांनी मनगट वर करून काकूंना दाखवलं.

काकूंनी वाकून पाहिलं. "अर्धंच गेलंय काजात," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली, बटण सोडलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतलं. खाली गाडीवाला हॉर्न वाजवत होता. दोघांपैकी कुणाचंही तिकडं लक्ष नव्हतं.